तणनाशकाला न जुमानणारे गवत

राब भाजणे, चिखलणी, लावणी आणि बेणणी हा रत्नागिरी जिल्ह्यातील भातशेतीचा परंपरागत क्रम होय. राब भाजल्याने तणांचे बी जळे, खाचरातील पाणी उरलेल्या तणास रोखी आणि बेणणीने शेत स्वच्छ होई. आता बेणणीस माणसे मिळेनाशी झाल्याने अनेक शेतकऱ्यांना तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो. हा आधार निकामी होऊ नये, यासाठी त्याच्या मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे.

एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास त्यातून तगणारी मोजकी झाडे बी धरतात आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. पंजाब-हरियाणातील गव्हात उगवणारे ‘गुल्ली डंडा’ हे गवत १९९० नंतरच्या काळात आयसोप्रोट्यूरॉनला दाद देईनासे झाले, ते याच कारणाने.

ही प्रतिकारशक्ती मुख्यतः दोन प्रकारची असते. काही गवतांत तणनाशकाचा ज्या ठिकाणी आघात व्हावयाचा, ते ठिकाणच बदललेले असते. काही गवते मात्र आपल्या विकरांच्या साहाय्याने तणनाशकाचे विघटन करून ते निरुपद्रवी बनवितात. या दुसऱ्या प्रकारावर तापमानाचा विशेष प्रभाव पडतो. उष्मा वाढला की विकरांचे कार्य वेगावते आणि तणनाशक आघाताच्या ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच निष्प्रभ होऊ शकते. सर्वच तणनाशकांबाबत असे घडते असे मात्र नाही.

आपल्या भातखाचरांना परिचित असलेल्या पाखड या गवतावर अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेले संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तापमान व हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर प्रतिकारक पाखडाची सायहॅलोफॉप-ब्युटाइल या तणनाशकास तोंड देण्याची क्षमता वाढल्याचे त्यात आढळले. हवामान उष्ण होत असताना हा इशारा दुर्लक्षून चालणार नाही.

मग शेतकऱ्याने काय करावे? तण कोवळे, दोन ते चार पानांवर असतानाच शिफारशीतील मात्रेने फवारणी करावी. मात्रा कमी करू नये. दुपारच्या कडक उन्हात फवारणी टाळावी. दरवर्षी तेच औषध न वापरता कार्यपद्धती भिन्न असलेल्या तणनाशकांची फेरपालट करावी. केवळ व्यापारी नाव बदलून भागत नाही. फवारणीतून वाचलेले गवत फुलोऱ्यापूर्वी उपटावे. शंका असल्यास सहायक कृषी अधिकाऱ्याचा अथवा दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा.

औषधाची बाटली बेणणीचे कष्ट हलके करील. परंतु खाचरातील पाणी, स्वच्छ बियाणे आणि शेतकऱ्याची जागरूक नजर यांची जागा ती घेऊ शकणार नाही.