समजून घ्या : आडनाव ‘जाचक’, गाव जाचकवस्ती, आडनावावरून मूळ सापडते का?

‘जाचक अटी रद्द करा’ ही मागणी बातम्यांत नेहमीच वाचायला मिळते. सणसर परिसरात मात्र जाचक म्हटले की आधी माणसे आठवतात. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या राजकारणात पृथ्वीराज जाचक हे नाव परिचित आहे. पवार, शिंदे गावोगावी भेटतात. जाचक त्या मानाने विरळ.

मग या आडनावाचा अर्थ ‘त्रास देणारा’ असा घ्यायचा का? तसे नाही. शब्द सारखा दिसला म्हणून उगम तोच ठरत नाही. आडनावे पिढ्यान् पिढ्या ऐकून लिहिली गेली, त्यात उच्चार बदलले. शब्दकोशापेक्षा नकाशा जास्त बोलतो. इंदापूर तालुक्यात जाचकवस्ती नावाचे गाव आहे. म्हणजे इथे आडनावाने जागेला नाव दिले.

नीरा ओलांडून फलटणला गेले की उलटे चित्र दिसते. तिथले नाईक निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. बारामतीचे सावकार बाबूजी नाईक जोशी ‘बारामतीकर’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्याच आश्रयाला आलेले कवी मोरोपंत (१७२९-१७९४) बारामतीत आयुष्य काढूनही पराडकरच राहिले. इचलकरंजीच्या नारो महादेव जोशींनी तर धन्याचेच आडनाव घेतले आणि त्यांचे घराणे घोरपडे झाले. तेव्हा आडनाव एक म्हणजे कूळ एक, हे गृहीतच धरता येत नाही.

हा निव्वळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून अनेक कुटुंबे कुणबी नोंदी शोधत आहेत. गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकात अनेकदा माणसाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव असते, आडनाव नसतेच. त्यातच लिपी मोडी. नुसत्या आडनावाने शोधणारा रिकाम्या हाताने परततो, आणि आडनाव जुळले तरी ती नोंद आपल्याच घरातली आहे हे वंशावळीने दाखवावे लागते.

त्यामुळे तहसील कार्यालयात जाण्याआधी घरातल्या जाणत्यांना पणजोबा-खापरपणजोबांची नावे विचारा. जुना सातबारा, फेरफार आणि शाळेचा दाखला जवळ ठेवा. घराणे दुसऱ्या गावाहून आले असेल, तर त्या गावचे दप्तर आधी पाहा.