चॉपर: आधी माप, मग करवत

चॉपर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लांबलचक फोर्क, उंच हँडल, जमिनीलगतची सीट आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर येतो. ज्यांना ही गाडी आवडते ते या रूपावर भाळतात, आणि ज्यांना आवडत नाही ते याच रूपाला नावं ठेवतात. दोघांनीही गाडी फक्त पाहिलेली असते, मोजलेली नसते. घरच्या गॅरेजात जुन्या मोटरसायकलची चॉपर बांधणं हे मुळात नटवण्याचं काम नाही, ते भूमितीचं काम आहे. कोन, अंतर, समांतरता आणि जोडाची ताकद या चार गोष्टींवर चॉपर चांगली की वाईट हे ठरतं, आणि या चारही गोष्टी मोजता येतात. जे मोजता येतं ते तपासताही येतं. असं असताना आपल्याकडे या कामाकडे एकतर उनाडपणा म्हणून पाहिलं जातं किंवा सरसकट गुन्हा म्हणून. या दोन्ही दृष्टी मला अपुऱ्या वाटतात.

या गाडीचा उगम अमेरिकेतला, आणि तो हौसेपेक्षा काटकसरीतला आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी हार्ले-डेव्हिडसनने लष्करी बनावटीच्या सुमारे 90,000 गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी स्वस्तात बाजारात आल्या आणि परतलेल्या तरुण सैनिकांच्या हाती पडल्या. गाडी दणकट, पण जड. वेग हवा तर इंजिन वाढवायला पैसे लागतात, वजन कमी करायला फक्त पाना आणि करवत लागते. म्हणून पुढचं मडगार्ड गेलं, मागचं अर्धं कापलं गेलं, सामानाच्या पेट्या आणि जाड सीट उतरली. या पहिल्या पिढीच्या गाड्यांना बॉबर म्हणत. त्यात चॅसीला हात लावलेला नसे. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांत करवत चॅसीपर्यंत पोहोचली. हँडलचा दांडा ज्या नळीत बसतो ती चॅसीची मान कापून मागे कलवायची आणि लांब फोर्क बसवायचा, ही रीत रूढ झाली. बॉबर आणि चॉपर यांच्यातला खरा फरक हाच. एकात भाग काढले जातात, दुसऱ्यात गाडीची भूमिती बदलते.

जगाला चॉपर माहीत झाली ती 1969 च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातून. त्यातली तारे आणि पट्टे रंगवलेली ‘कॅप्टन अमेरिका’ घडली ती लॉस एंजेलिसमध्ये, पोलिसांच्या ताफ्यातून निघालेल्या जुन्या हार्ले गाड्यांतून. क्लिफ व्हॉस आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय माणसांचं ते काम. व्हॉस नागरी हक्कांच्या चळवळीत वावरलेला, तर हार्डी शहराच्या दक्षिण भागात स्वतःचं छोटं दुकान चालवणारा मेकॅनिक. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचीही नावं नाहीत, आणि कित्येक दशकं जगातली सर्वांत प्रसिद्ध मोटरसायकल कुणी बांधली हे बहुतेकांना माहीत नव्हतं. हा अन्याय केवळ दोन माणसांवरचा नाही. चॉपर म्हणजे नट, रस्ता आणि बंडखोरी अशी समजूत पक्की झाली, तिच्यामागचा कारागीर आणि त्याचं गणित दिसेनासं झालं, त्याचंही मूळ इथेच आहे. त्या गाडीला मागे शॉकअब्सॉर्बर नाही, आणि प्रेक्षकांना तो बांधणाऱ्याचा वेडेपणा वाटतो. पण हार्लेच्या मोठ्या गाड्या 1957 पर्यंत कारखान्यातूनच तशा येत. मागचं सस्पेन्शन 1958 च्या ड्युओ-ग्लाइडपासून आलं. बदलली होती ती मान आणि पुढची बाजू, आणि कस लागतो तो नेमका तिथेच.

हा कस समजून घेण्यासाठी एकच माप नीट समजलं तरी पुरे, ते म्हणजे ट्रेल. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं त्याची रेघ सरळ खाली वाढवली तर ती जमिनीला टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे भिडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. इस्पितळातल्या स्ट्रेचरचं चाक जसं आपल्या खिळीच्या मागे ओढलं जातं आणि आपोआप सरळ होतं, तसंच ट्रेलमुळे मोटरसायकलचं पुढचं चाक स्वतःहून सरळ राहू पाहतं. रस्त्यावरच्या बहुतेक साध्या गाड्यांत हे अंतर 90 ते 120 मिलिमीटरच्या आसपास असतं. आता हिशेब करून पाहू. चाकाची त्रिज्या 330 मिलिमीटर, मानेचा कल उभ्या रेषेपासून 27 अंश, आणि दांड्याच्या पुढे फोर्क 60 मिलिमीटर सरकवलेला असं धरलं, तर ट्रेल येतो साधारण 101 मिलिमीटर. हीच मान 40 अंशांपर्यंत कलवली आणि बाकी काही बदललं नाही, तर ट्रेल जातो 199 मिलिमीटरवर, म्हणजे जवळपास दुप्पट. अशी गाडी हमरस्त्यावर रुळावरून गेल्यासारखी सरळ जाते, पण गर्दीत, हळू वेगात हँडल एका बाजूला कोसळू पाहतं आणि वळणावर दोन्ही हातांनी ओढावं लागतं. ट्रेल पुन्हा 110 च्या घरात आणायचा तर फोर्कचा पुढचा सरकाव 60 वरून सुमारे 128 मिलिमीटर करावा लागतो. म्हणजे दोन्ही फोर्क धरून ठेवणारी ‘टी’ नव्याने लेथवर घडवून घ्यावी लागते.

ही टी घडवताना उलटी चूकही होते, आणि ती जास्त जिवावर बेतते. बाजारात तिरक्या भोकांच्या टी मिळतात. त्या बसवल्या की मान न कापताही फोर्क पुढे झुकतो आणि गाडी हुबेहूब चॉपरसारखी दिसते. पण दांड्याचा कोन तोच राहून चाक पुढे गेल्यामुळे ट्रेल कमी होतो, कधी शून्याजवळ येतो. मग वेग वाढला की हँडल थरथरायला लागतं आणि आवरत नाही. तिरकी टी ही कललेल्या मानेमुळे वाढलेला ट्रेल कमी करण्यासाठी असते, मान कापण्याचे कष्ट वाचवण्यासाठी नव्हे. नुसता लांब फोर्क बसवण्याचाही हिशेब आहे. बुलेटसारख्या, दोन चाकांत सुमारे 1370 मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीला फोर्क 50 मिलिमीटर लांब केला की पुढची बाजू उचलली जाऊन अख्खी गाडी जवळपास दोन अंश मागे कलते. त्याबरोबर मानेचा कोन बदलतो आणि इंजिनही कलतं. लॉस एंजेलिसचा शुगर बेअर हा कारागीर अतिशय लांब, उघड्या स्प्रिंगांचे ‘स्प्रिंगर’ फोर्क बनवूनही चालवायला सोप्या गाड्यांसाठी नावाजला गेला, कारण फोर्कच्या तळाशी असलेल्या छोट्या दांड्यांच्या मापातून तो ट्रेल जागेवर आणत असे. लांब फोर्क म्हणजे बेभरवशाची गाडी, या समजाला त्याच्या गाड्या हेच उत्तर आहे.

घरच्या गॅरेजात हे सगळं जमेल का, हा रास्त प्रश्न आहे. जमतं, पण ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन ही त्यातली दुय्यम हत्यारं. पहिली गरज सपाट, न हलणाऱ्या पायाची. जाड पत्र्याचं किंवा चॅनेलचं टेबल लेव्हल करून त्यावर चॅसी जखडायची, त्याला जिग म्हणतात. काही कापण्याआधी मानेचा कोन, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या आसाची उंची, दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर आणि चेनची रेघ मोजून लिहून ठेवायची. पुढच्या आसावरून ओळंबा सोडायचा, त्याची जमिनीवरची खूण म्हणजे टायर टेकण्याची जागा. दांड्याच्या नळीतून सरळ सळई खाली आणली की दुसरी खूण मिळते. दोन खुणांत टेप धरला की ट्रेल हाती येतो. यासाठी संगणक लागत नाही, गाडी सरळ उभी असावी आणि टायरात नेहमीएवढी हवा असावी, इतकंच. मग नळी निवडायची. चॉपरच्या चॅसीला साधारण सव्वा इंच बाहेरील व्यासाची आणि तीन मिलिमीटर जाडीची चांगल्या प्रतीची नळी वापरतात, फर्निचरची पातळ नळी कधीच नाही. जुन्या नळीला नवी जोडताना आत घट्ट बसणारा भरीव तुकडा घालतात, बाहेरच्या नळीला भोकं पाडून त्यातूनही वेल्ड करतात, म्हणजे सगळा भार एका गोल जोडावर येत नाही. वेल्डिंगची उष्णता लोखंड ओढते. म्हणून आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, पुन्हा मोजायचं, आणि मग आलटूनपालटून समोरासमोरच्या बाजू थोड्या थोड्या भरायच्या. एका दमात एक बाजू वेल्ड केली तर मान दोन-तीन मिलिमीटर सहज फिरते, आणि दोन्ही चाकं एका रेषेत राहत नाहीत. अनेक कसलेले बांधणारे चॅसीचे टाके स्वतः मारतात आणि अखेरचं वेल्डिंग प्रमाणित वेल्डरकडून करून घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. टाकी, रंग आणि वायरिंग यांना वेळ खूप लागतो, पण तिथली चूक दुरुस्त करता येते.

आक्षेप अनेक आहेत आणि ते सगळे झटकून टाकण्यासारखे नाहीत. मागचं सस्पेन्शन काढून चॅसी ताठ करणं अमेरिकेच्या लांब, सपाट रस्त्यांवर खपून जातं. आपल्या गतिरोधकांवर आणि पावसाळी खड्ड्यांत ते पाठीच्या कण्यालाही परवडत नाही आणि वेल्डच्या जोडालाही. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे: आपल्याकडे मागचा चिमटा ठेवूनच गाडी बांधावी. ब्रेकच्या बाबतीत तर दुमत असूच नये. कॅप्टन अमेरिकेला पुढचा ब्रेकच नव्हता, आणि तिची नक्कल करणाऱ्यांनी तो उणेपणाही उचलला. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, थांबवण्याचं मोठं काम तेच चाक करतं. पुढचा ब्रेक काढलेली गाडी कितीही देखणी असो, ती वाईट बांधलेली गाडी आहे. दुसरा आक्षेप वारशाचा: जुनी गाडी कापणं म्हणजे इतिहास कापणं. म्हैसूरला बनलेली, मूळ भागांसह धडधाकट असलेली जावा किंवा येझदी कुणी कापत असेल तर त्याला थांबवावं, हे मलाही मान्य आहे. अशा गाड्या आता पुन्हा बनणार नाहीत. पण अपघातात चॅसी वाकलेली, अर्धे भाग गहाळ झालेली, भंगाराच्या वाटेवर असलेली गाडी वेगळी. तिचं इंजिन उघडून, मोजून, पुन्हा चालतं करणारा माणूस इतिहास पुसत नाही. हार्डीच्या हाती आल्या त्याही पोलिसांनी टाकलेल्या गाड्याच होत्या.

सगळ्यांत वजनदार आक्षेप कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठाम केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. या कायद्यामागची चिंता खोटी नाही. कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावून फिरणाऱ्यांनी ती ओढवून घेतली आहे, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात त्याबद्दल मला तक्रार नाही. तक्रार आहे ती या कायद्याला चांगली आणि वाईट बांधणी यांतला फरक दिसतच नाही याबद्दल. ट्रेल जुळवून, जिगवर बांधलेली, दोन ब्रेकांची शांत गाडी आणि तिरकी टी ठोकून बसवलेला सांगाडा, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच.

इतर देशांनी यावर वाट काढली आहे, आणि ती मोकाट सोडण्याची नाही. ब्रिटनमध्ये एकेकट्या मोटरसायकलची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत आहे. जर्मनीत तांत्रिक तपासणी संस्थेचा अभियंता बदललेली गाडी स्वतः पाहून कागदावर नोंद करतो. अतिशय लांब फोर्कच्या चॉपरसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्वीडनमध्ये तर हौशी वाहनबांधणी करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाच बांधणीची तपासणी करते. तिथला बांधणारा करवत उचलण्याआधी आराखडा दाखवतो, कारण पुढे कुणीतरी मोजणार आहे हे त्याला ठाऊक असतं.

आपल्याकडे मोजणाऱ्यांची वाण नाही. देशातल्या वाहनांची चाचणी करून प्रमाणपत्र देणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था 1966 पासून पुण्यातच आहे. चॅसी, वेल्डिंग आणि लेथ शिकवणारी आयटीआय आणि तंत्रनिकेतनं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने हाताने बांधलेल्या एकेका गाडीसाठी अशा संस्थांमार्फत सशुल्क तपासणीची सोय करावी, आणि पास झालेल्या गाडीची नवी माहिती नोंदणी पुस्तकात चढवण्याची तरतूद कायद्यात आणावी. ट्रेल, चाकांची रेघ, जोडांची तपासणी, ब्रेक आणि आवाज एवढ्या पाच गोष्टींपासून सुरुवात झाली तरी पुष्कळ आहे. तोवर भारतात बांधलेल्या चॉपरची जागा प्रदर्शनात आणि खासगी आवारात आहे, सार्वजनिक रस्त्यावर नाही. ज्यांच्या गॅरेजात जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे त्यांनी या मधल्या काळात जिगचं टेबल लेव्हल करून घ्यावं आणि मूळ मापं वहीत उतरवून ठेवावीत.