ठिणगी आणि प्रोपेलर

लूना नि स्कूटरचे मॅग्नेट उतरवण्यात हयात गेलेल्या एखाद्या मेकॅनिकच्या हातात झेनोआ जी-६२ ठेवलं, तर त्याला फार काही समजावून सांगावं लागणार नाही. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, ६२ सीसी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. क्रँकवर लोहचुंबक बसवलेलं फ्लायव्हील आणि त्याच्या शेजारी कॉइल. कार्ब्युरेटर तेवढा वेगळा वाटेल, कारण त्यात फ्लोट नाही. झाडं कापायच्या यांत्रिक करवतीला असतो तसला, पडद्यावर चालणारा तो कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिन उलटं झालं तरी पेट्रोल तुटत नाही. मग तो विचारेल, "पण गाडी कुठंय?" गाडी नाहीच. हे जपानी इंजिन मोठ्या मॉडेल विमानाच्या नाकात बसतं.

इंजिनाच्या पोटातलं फारसं काही विमानवाल्याच्या हातात नसतं. पिस्टन, सिलिंडर, पोर्ट हे सगळं कारखान्यानं ठरवलेलं. त्याच्या वाट्याला येतात ती दोन टोकं, एक आग लावणारं आणि दुसरं हवा कापणारं. पुष्कळ जण ही दोन कामं वेगवेगळी समजतात. पण एका टोकाला हात लावला की दुसरं हलतंच.

ठिणगीचा या छंदातला प्रवास मोठा गमतीचा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊन यांनी साधारण १० सीसीचं 'ब्राऊन ज्युनियर' बनवलं. मॅक्सवेल बॅसेट यांनी ब्राऊनच्या इंजिनावर मॉडेलं उडवून दाखवली आणि रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांच्या जगात पेट्रोलचा वास शिरला. त्या इंजिनाला पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि बॅटऱ्या असा सगळा संसार बरोबर घेऊन उडावं लागे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला. प्लॅटिनमची बारीक तार मिथेनॉलच्या संगतीत आपली आपण लाल राहते, म्हणून एकदा चालू झालेल्या इंजिनाला बॅटरीची गरजच उरली नाही. ठिणगी हद्दपार झाली. पुढे मॉडेलं मोठी झाली, इंजिनं मोठी झाली आणि महागडं मिथेनॉल घटाघट पिऊ लागली. तेव्हा लोकांची नजर करवतीच्या पेट्रोल इंजिनांकडे गेली. १९७०च्या दशकात ठिणगी परत आली ती मॅग्नेटोच्या रूपानं.

मॅग्नेटो स्वभावानं शेतकऱ्यासारखा, कोणाकडे काही मागत नाही. बॅटरी नको, चार्जिंग नको. चुंबक कॉइलसमोरून गेला की वीज तयार. दोघांमध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. ती मोजायला जाणते लोक साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरतात, कॉइल त्यावर टेकवून स्क्रू आवळतात आणि कार्ड ओढून काढतात.

पण त्याच्यात दोन खोडी आहेत. एक म्हणजे वीज वेगावर अवलंबून. हातानं प्रोपेलर फिरवताना झटका कमी पडला तर ठिणगीही मरतुकडी. दुसरी खोड टायमिंगची. समजा, पिस्टन वर पोचायच्या २८ अंश आधी ठिणगी पडते. मिनिटाला ७,००० फेरे असताना हे २८ अंश कापायला मिलिसेकंदाचा दोन तृतीयांश भाग लागतो. तेवढ्यात आग पसरते आणि पिस्टन खाली वळताना जोर नेमका लागतो. पण १,५०० फेऱ्यांना त्याच २८ अंशांना तीन मिलिसेकंद लागतात. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतोय, अशी रस्सीखेच होते. इंजिन अडखळतं. हातानं चालू करताना तर ते उलटं फिरतं आणि प्रोपेलर बोटांवर येतो. याला 'किक' म्हणतात. ज्यानं खाल्ली तो दुसऱ्या दिवसापासून जाड हातमोजा घालतो.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन दोन्ही खोडी मोडतं. फ्लायव्हील आणि कॉइल उतरवायचे. प्रोपेलरच्या हबमध्ये मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा चुंबक बसवायचा आणि समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. चुंबक सेन्सरसमोर आला की सीडीआयच्या, म्हणजे या इग्निशनच्या, डबीला क्रँक कुठे आहे ते कळतं. किती वेगानं फिरतोय तेही ती मोजते आणि हळू असेल तर ठिणगी उशिरा देते. ताकद बॅटरीतून येते, त्यामुळे पहिल्या झटक्यालाही ठिणगी पुरती जोमदार.

मोबदल्यात दोन पथ्यं येतात. ठिणगी हा स्वतःच एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर आहे आणि विमान तर रेडिओवरच चालतं. म्हणून प्लगच्या वायरीवर धातूची जाळी लागते, टोपी प्लगवर घट्ट बसावी लागते आणि इग्निशनची बॅटरी रिसीव्हरपासून शक्य तितकी लांब ठेवावी लागते. दुसरं पथ्य स्विचचं. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची वायर अर्थला टेकवायची. ती तुटली तर इंजिन बंदच होत नाही. सीडीआयचं नेमकं उलटं, वायर तुटली की इंजिन गप्प. एक बिघाड जमिनीवर धोक्याचा, दुसरा आकाशात.

मोबदल्यात न मोजली जाणारी तिसरी गोष्ट म्हणजे गेलेलं फ्लायव्हील. नाकाचं वजन उतरलं म्हणून माणूस खूश होतो. पण दोन ठिणग्यांमधला वेळ इंजिन कशाच्या जोरावर काढत होतं? त्या जड चाकाच्याच. आता ते काम प्रोपेलरला करायचं आहे. हलका, आखूड प्रोपेलर लावला तर नवं इग्निशन असूनही इंजिन सावकाश चालताना धक्के देतं आणि दोष बिचाऱ्या डबीला लागतो.

म्हणून आता दुसरं टोक. प्रोपेलरवर दोन आकडे असतात, दोन्ही इंचांत. २२×१० म्हणजे व्यास २२ आणि पिच १०. लोण्यात फिरणाऱ्या स्क्रूसारखा तो हवेत फिरला, तर एका फेऱ्यात १० इंच पुढे जाईल. ७,००० फेऱ्यांना हा वेग ताशी सुमारे १०७ किलोमीटर होतो. पात्यांची टोकं मात्र तेव्हा ताशी ७००च्या वर असतात आणि शेजारी तक्रार करतात ती मुख्यतः त्यांचीच.

इंजिनावरचा बोजा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, पिचच्या मात्र साध्या पटीत. हिशेब मांडून बघा. २२×१०चा बोजा २३,४२,५६० धरला तर २३×८चा २२,३८,७२८ येतो, म्हणजे जवळपास तितकाच. व्यास एक इंच वाढवा, पिच दोन इंच कमी करा, ही मैदानावरची म्हण अशी गणितात उतरते. पसरट नाकाच्या, सावकाश उडणाऱ्या दुपंखी विमानाला मोठा व्यास मानवतो, कारण आतला भाग नाकाआड झाकला जातो. शर्यतीच्या विमानाला पिच हवी.

फेरे मोजायला टॅकोमीटर. तो खरा आहे का, हे घरच्या जुन्या ट्यूबलाइटखाली कळतं. आपल्याकडे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, तेव्हा दोन पात्यांवर लावलेल्या मीटरनं ३,००० दाखवायला हवेत.

प्रोपेलर लाकडी असेल तर आधी तोल बघायचा. आडव्या सळईवर ठेवून खाली झुकणारं पातं कळलं, की वरच्या पात्याला वार्निशचा हात द्यायचा. लाकूड दबतं, म्हणून पहिल्या उडाणांनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे.

हे सगळं कशासाठी, ते उतरताना कळतं. मॅग्नेटोवर इंजिन २,२००च्या खाली टिकत नसेल आणि पुढे २२×१० असेल, तर थ्रॉटल पूर्ण मिटूनही प्रोपेलर ताशी ३३ किलोमीटरच्या वेगानं हवा मागे लोटत राहतो. विमान धावपट्टीवरून तरंगत पुढे जातं आणि झुडपांत थांबतं. टायमिंग बदलणारं इग्निशन आणि इंजिनाला १,५००वर स्थिर ठेवणारा जडसर २३×८ बसवला, की तोच आकडा १८वर येतो. विमान त्याहून वेगात असतं, म्हणून ढकलणारा प्रोपेलर आता ब्रेक होतो. चाकं टेकतात. इंजिन टकटक करत चालूच असतं आणि इतकं सावकाश, की पाती वेगवेगळी दिसतात की काय असं वाटावं.