उन्हाळी धम्म शिबिरात अंध आणि कर्णबधिर मुलांची जागा कुठे?

१४ एप्रिलची जयंती झाली, परीक्षा संपल्या की विहाराविहारांवर शिबिरांचे फलक लागतात. बालसंस्कार शिबिर, श्रामणेर शिबिर, युवक-युवतींचे निवासी धम्म शिबिर. शाळा उघडेपर्यंत हा हंगाम चालतो. चार लोकांत उभे राहून बोलण्याचे धाडस आपल्यापैकी अनेकांना अशाच शिबिरांत मिळाले आहे.

काही वर्षांपूर्वी मी आयोजनात असलेल्या एका निवासी शिबिरात सतरा वर्षांची एक कर्णबधिर मुलगी आली होती. पाच दिवस ती पहिल्या रांगेत बसली. सगळे हात जोडत तेव्हा तीही जोडायची, सगळे हसत तेव्हा तीही हसायची. समारोपाला तिला प्रमाणपत्र मिळाले, टाळ्या वाजल्या. नंतर तिचा भाऊ म्हणाला, "ताई, काय शिकलीस म्हणून विचारलं, तर ती खुणेने एवढंच सांगते की जेवण चांगलं होतं." आम्ही तिला प्रवेश दिला होता, शिबिर दिलेच नव्हते.

हा दयेचा प्रश्न नाही

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत. त्यात दृष्टिदोष असलेले सुमारे ५० लाख आणि ऐकू न येणारे तितकेच. आपल्या वस्त्या याला अपवाद नाहीत. तरीही शिबिरात ही मुले दिसत नाहीत, कारण "तिथे त्याला कोण सांभाळणार?" असे म्हणून घरचे त्यांना पाठवत नाहीत आणि आपणही कधी बोलावत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पूर्ण अंधत्व, अल्पदृष्टी, बहिरेपण, कमी ऐकू येणे हे त्यात स्वतंत्रपणे येतात आणि बहुविकलांगतेत अंध-बधिरत्वाचाही समावेश आहे. कलम २९ नुसार सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात दिव्यांगांना समान सहभाग मिळावा यासाठी पावले उचलणे ही शासनाची व स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे.

आपल्यासाठी मुद्दा कायद्याच्याही पुढचा आहे. "मागच्या जन्माचे भोग" हे वाक्य दिव्यांग मुलांच्या आईला आजही ऐकावे लागते, कधी कधी आपल्याच माणसांकडून. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने आजची अवस्था ठरते हा सिद्धांत नाकारला. माणसाच्या दुःखाची जबाबदारी त्याच्याच माथी मारून समाज मोकळा होतो, हे जातीच्या बाबतीत आपण ओळखले. अपंगत्वाच्या बाबतीतही ते ओळखले पाहिजे. तसेच शब्दांचे. 'हरिजन' हा शब्द नाकारणाऱ्या समाजात कुणाला 'मुका', 'आंधळा' अशी हाक ऐकू येऊ नये.

कर्णबधिर शिबिरार्थींसाठी

"फळ्यावर लिहून देऊ" एवढ्याने भागत नाही. अनेक कर्णबधिर मुलांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी त्यांना नंतर शिकावी लागते. म्हणून दुभाषी हवा. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि जिल्ह्यातील कर्णबधिरांच्या शाळा ही चौकशीची पहिली ठिकाणे. दिवसभराच्या सत्रांना दोन दुभाषी लागतात, कारण एकट्याचे हात आणि डोके लवकर थकते. त्यांना व्याख्याने आणि पंचशील, प्रतीत्यसमुत्पाद असे शब्द आठवडाभर आधी द्यावेत.

दुभाषी वक्त्याच्या शेजारी, उजेडात उभा राहावा. चित्रफीत दाखवताना सगळे दिवे घालवले तर कर्णबधिर मुलाला दुभाष्याचे हात दिसत नाहीत. ध्यानसत्राच्या शेवटी घंटा वाजते, पण डोळे मिटलेल्या मुलीला ती कशी कळणार? खांद्यावर हलका हात ठेवायचा, असे आधी तिच्याशी ठरवून घ्यावे. श्रवणयंत्र लावले म्हणजे सगळे ऐकू येते, हाही गैरसमज आहे. पंखे आणि भोंग्याच्या गोंगाटात यंत्र गोंगाटही वाढवते.

अंध व अल्पदृष्टी शिबिरार्थींसाठी

पहिल्या दिवशी तासभर काढून निवासाची खोली, शौचालय, पाण्याची जागा आणि सभागृह ही वाट सोबत चालून दाखवावी. नंतर वस्तूंच्या जागा बदलू नयेत. हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा, म्हणजे ती व्यक्ती तो धरून अर्धे पाऊल मागे चालते. बोलण्याआधी स्वतःचे नाव सांगावे. ताटातले पदार्थ घड्याळाप्रमाणे सांगावेत: तीनवर भाजी, सहावर भात.

वंदनेची पुस्तिका ब्रेलमध्ये मिळाली तर उत्तमच. नाही तर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर फोनवर पाठवावा, स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ त्याला सहसा वाचता येत नाही. अल्पदृष्टी मुलांसाठी मोठ्या ठळक अक्षरांतल्या प्रती काढाव्यात. आणि बुद्धमूर्तीला हात लावू द्यावा. मूर्ती कशी आहे हे त्यांना दुसऱ्या कोणत्या वाटेने कळणार? खेळाच्या तासाला आवाज करणारा चेंडू आणावा. अंधांचे क्रिकेट अशाच चेंडूने खेळले जाते आणि त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये दिल्लीतच झाली होती.

सुरुवात फॉर्मपासून

शिबिराच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: "सहभागी होण्यासाठी तुम्हाला कोणती सोय हवी?" उत्तर शिबिरार्थीकडूनच घ्या, त्याच्या वतीने अंदाज करू नका. दुभाष्याच्या खर्चासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे अर्ज करा. स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. आयोजन समितीत एक तरी अंध किंवा कर्णबधिर कार्यकर्ता घ्या.

पुढच्या वर्षी आम्ही दोन दुभाषी आणले. तीच मुलगी पुन्हा आली. प्रश्नोत्तरांच्या सत्रात तिने हात वर केला आणि दुभाष्यामार्फत विचारले, "शिबिर पाच दिवसांचं. मग दर रविवारी विहारात दुभाषी का नसतो?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही. ते द्यावेच लागेल. तोवर यंदाचा फॉर्म छापायला टाकण्याआधी तो एक रकाना तरी वाढवू या.

जय भीम, नमो बुद्धाय.