नोकरदार स्त्रीच्या थकव्याचा जमाखर्च

सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड स्थानकाच्या फलाटावर पंचवटी एक्सप्रेसची वाट पाहणाऱ्या प्रवाशांत पासधारक स्त्रियांचा एक घोळका नेहमी दिसतो. कोणी बँकेत अधिकारी आहे, कोणी शासकीय कार्यालयात, कोणी विमा कंपनीत. फलाटावर येण्यापूर्वीच त्यांच्या दिवसाचे दोन-अडीच तास खर्ची पडलेले असतात. पोळ्या लाटून झालेल्या असतात, मुलांचे डबे भरून झालेले असतात, सासऱ्यांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या असतात. गाडी इगतपुरी मागे टाकून घाट उतरू लागते तेव्हा कोणी डोळे मिटून घेते, तर कोणी मुलाच्या शिकवणीचे पैसे मोबाइलवरून भरून टाकते. मुंबई येथून सुमारे १९० किलोमीटरवर. जाण्यास साडेतीन तास, येण्यास तेवढेच. रात्री दहाच्या आगेमागे घरी पोहोचणाऱ्या या स्त्रीच्या आठवड्यातील ३५ तास केवळ रुळांवर जातात.

ही गाडी सुरू झाली १९७५ साली. ते वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले होते. हा योगायोगच खरा, परंतु त्यानंतरच्या अर्धशतकात मध्यमवर्गीय मराठी स्त्रीने किती मजल मारली आणि त्या मजलेचे भाडे कोणी भरले, याचा हिशेब मांडावयाचा तर हा फलाट सोयीचा आहे.

पंचवटीचा प्रवास हे टोकाचे उदाहरण झाले, असे कोणी म्हणेल. परंतु गावातल्या गावात नोकरी करणाऱ्या स्त्रीचे चित्र फारसे निराळे नाही. तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा घरी नेणारी शिक्षिका, रात्रपाळी संपवून थेट मुलीच्या शाळेत पालकसभेला जाणारी परिचारिका, सातपूर-अंबडच्या कारखान्यातील अभियंता, मार्चअखेरीस रात्री नऊपर्यंत शाखेत बसणारी बँक अधिकारी या सर्वांची तक्रार एकच असते. ती त्या सहसा मोठ्याने बोलून दाखवीत नाहीत. काम जमते, पण कामातला जीव गेला आहे, असे त्या म्हणतात.

शीण म्हणजे दुबळेपणा नव्हे

या अवस्थेस इंग्रजीतून आलेला ‘बर्नआउट’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. अमेरिकेतील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो शास्त्रीय लेखनात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची व्याख्या केली. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला आणि नीट न हाताळला गेलेला ताण, असे त्याचे मूळ सांगितले. त्याची लक्षणे तीन: शक्ती आटणे, कामाविषयी मन उठणे अथवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. हा वैद्यकीय आजार नव्हे, कामातून उद्भवणारी स्थिती आहे, असेही संघटनेने स्पष्ट केले.

या खुलाशाचे महत्त्व मोठे आहे. दोष व्यक्तीच्या प्रकृतीत नसून कामाच्या रचनेत असेल, तर उपायही तेथेच शोधावा लागतो. आपल्याकडे मात्र ८ मार्चला कार्यालयात व्याख्यान ठेवले जाते, प्राणायामाचे महत्त्व सांगितले जाते, गुलाबाचे फूल देऊन समारंभ आटोपतो. प्राणायाम वाईट नव्हे. परंतु ज्या स्त्रीला पहाटेची झोपच पुरी मिळत नाही, तिला आणखी अर्धा तास आधी उठून प्राणायाम करावयास सांगणे म्हणजे रोगाचाच डोस औषध म्हणून देणे होय.

जागतिक संघटनेच्या व्याख्येतही एक उणीव जाणवते. ही व्याख्या नोकरीच्या जागेपुरतीच मर्यादित आहे. स्त्रीच्या कामाची जागा एक नसून दोन आहेत, हे तिच्यात बसत नाही. एका पाळीतून सुटून ती दुसऱ्या पाळीवर जाते. दुसऱ्या पाळीला हजेरीपत्रक नाही, रजा नाही, निवृत्तीही नाही.

घड्याळाचे गणित

या दुसऱ्या पाळीची मोजदाद आता सरकारनेच केली आहे. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालविते, तर घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, पण पुरुषाचा हातभारही नऊ मिनिटांनी आखडला. मुले व वृद्ध यांच्या देखभालीचा वेळ याखेरीज वेगळा.

या सरासरीत नोकरी न करणाऱ्या स्त्रियाही आहेत, हे खरे. म्हणून नोकरदार स्त्रीच्या वाट्याला त्यातील निम्मेच काम येते असे धरू. तरी आठवड्याला जवळजवळ १७ तास होतात. त्यात ४८ तासांची नोकरी मिळविली की बेरीज ६५. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. तो अभ्यास अर्थार्जनाच्या कामाचा होता. परंतु शरीर काही पगारी तास आणि बिनपगारी तास असा भेद करीत नाही.

इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे वक्तव्य गाजले. त्यावर वाद पुष्कळ झाला. परंतु ७० किंवा ९० तास काम करणाऱ्या माणसाची पोळी कोण भाजते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. एवढे तास देऊ शकणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे घरी आणखी एक बिनपगारी कर्मचारी गृहीत धरलेला असतो. स्त्रीने हे तास द्यावयाचे ठरविले, तर तिच्यामागे कोण उभे राहणार?

हावऱ्या नोकऱ्या

२०२३ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी या प्रश्नाची उकल केली आहे. काही नोकऱ्या ‘हावऱ्या’ असतात. अवेळी बोलाविले तरी हजर होणाऱ्यास, दुप्पट तास देणाऱ्यास त्या दुपटीहून अधिक मोबदला आणि बढती देतात. मग घरातील दोघांपैकी एकाने हावरी नोकरी पत्करावी आणि दुसऱ्याने घराच्या हाकेला ओ द्यावी, हे त्या कुटुंबाला परवडू लागते. ओ देणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असते. कोणाच्या मनात दुष्टावा नसतानाही विषमता उत्पन्न होते, ती अशी.

गोल्डिन यांनी अमेरिकेतील पदवीधर स्त्रियांच्या पिढ्यांचा मागोवा घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पिढीपुढे संसार किंवा व्यवसाय असा पर्याय होता. महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. डॉ. रखमाबाईंनी बालपणी लादलेला विवाह झुगारला, लंडनला वैद्यकीय शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथे अनेक दशके रुग्णसेवा केली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. आजच्या स्त्रीला दोन्ही हवे आहे, आणि तिची ही अपेक्षा न्याय्य आहे. परंतु दोन्ही मिळण्यासाठी कामाचे स्वरूप बदलावे लागते.

ते बदलू शकते, याचा दाखलाही गोल्डिन यांनीच दिला आहे. अमेरिकेतील औषधविक्रेत्यांच्या व्यवसायात रुग्णाची माहिती संगणकावर आली, औषधे प्रमाणित झाली. मग एका औषधज्ञाचे काम दुसरा सहज करू लागला, आणि कमी तास काम करणाऱ्याचा तोटा जवळजवळ नाहीसा झाला. नाशिकच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात हे तत्त्व पूर्वापार पाळले जाते. पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीस रुग्णांची माहिती देते आणि काम सोपवून जाते. बँकांतही आता कोणत्याही ग्राहकाचे खाते कोणत्याही अधिकाऱ्यास उघडून पाहता येते. मग अमुकच बाईंनी रजेवर असतानाही फोन उचलला पाहिजे, हा आग्रह कशासाठी? बहुतेक वेळा तो कामाच्या गरजेतून येत नाही. साहेबांची सवय आणि अपुरी नोकरभरती यांतून तो येतो.

मागच्या पिढीतील स्त्रियांनी नोकरी केलीच ना, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. केली, हे खरे. परंतु त्यांच्या घरी सासू, जाऊ, नणंद यांपैकी कोणी तरी असे, म्हणजेच दुसऱ्या एका स्त्रीच्या श्रमावर तो डोलारा उभा असे. शिवाय तेव्हाचे कार्यालय सायंकाळी बंद होई. आजचे कार्यालय मोबाइलमध्ये बसून स्वयंपाकघरापर्यंत येते. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री साडेदहाला आलेली सूचना सकाळी आठच्या आत पुरी करावयाची असते. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली, कार्यालयीन वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. तेव्हा अनेकांना ते चैनीचे वाटले. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून लागू आहे.

कायदा कोठे अडतो?

कायद्याने काहीच केले नाही, असे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी राखल्या गेल्या. परंतु राज्य कर्मचारी विमा योजनेबाहेरील स्त्रीच्या रजेचा सारा खर्च मालकावर पडतो. मग मुलाखतीत लग्नाची आणि मुलांची चौकशी होते, आणि संरक्षणासाठी केलेली तरतूदच नेमणुकीआड येते. हा खर्च समाजाने विमा किंवा कर यांच्या रूपाने वाटून घेतला पाहिजे. मूल काही मालकाचे नसते, तसे ते एकट्या आईचेही नसते.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला ती मिळते, पण त्याची पत्नी हयात नसेल अथवा असाध्य आजाराने अंथरुणास खिळली असेल तरच. हेतू चांगला असेलही, परंतु घरात स्त्री धडधाकट असताना मूल सांभाळणे हे पुरुषाचे काम नव्हे, असेच या नियमाने लिहून ठेवले आहे.

५० कर्मचाऱ्यांची अटही नाशिकसारख्या शहरात तोकडी पडते. सातपूर आणि अंबड येथे मोठ्या कारखान्यांच्या अवतीभवती असंख्य लहान उद्योग आहेत. तेथील स्त्रीला कायद्याचे पाळणाघर कधीच मिळणार नाही. परंतु अनेक आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालविण्यास कायद्याची मुभा आहे. ‘निमा’ आणि ‘आयमा’ या येथील उद्योजक संघटनांनी, औद्योगिक विकास महामंडळ व महापालिका यांच्या साहाय्याने, प्रत्येक वसाहतीत असे एक पाळणाघर उभे करावयाचे ठरविले, तर ते अशक्य नाही. सकाळच्या पाळीआधी उघडणारे आणि शेवटची आई येईपर्यंत बंद न होणारे एक विश्वासू पाळणाघर शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक ताण हलका करील.

घरातील हिशेब

तरीही सारे ओझे सरकार आणि मालक यांच्यावर टाकून घराला मोकळे सोडता येणार नाही. ‘आमचे हे खूप मदत करतात’ असे अनेक घरांत कौतुकाने सांगितले जाते. मदत या शब्दातच अन्याय दडला आहे. काम तिचे, आणि तो मदतनीस. काम दोघांचे मानले, तर मदतीचा प्रश्न उरत नाही, वाटणीचा उरतो. भाजी चिरणे ही मदत झाली. भाजी संपली आहे हे लक्षात ठेवणे, दाईचे पैसे, लसीची तारीख, आजोबांची तपासणी हे सारे डोक्यात वागविणे ही जबाबदारी झाली. स्त्री शिणते ती बरीचशी या न दिसणाऱ्या कामाने.

स्त्रीनेही स्वतःविषयी थोडे कठोर होण्याऐवजी थोडे उदार व्हावयास हवे. शिल्लक रजा निवृत्तीच्या वेळी पैशांत मिळते, म्हणून ती साठवीत राहावे आणि तोवर रक्तदाबाची गोळी सुरू व्हावी, हा सौदा तोट्याचा आहे. घरचा फराळ विकत आणल्याने गृहिणीपण उणे होत नाही. बढती आली की बदलीच्या भीतीने प्रथम आपणच नकार द्यावयाचा, ही रीतही मोडली पाहिजे. निदान तो नकार घरात दोघांच्या नोकऱ्या समोर ठेवून, विचारपूर्वक झालेला असावा.

हा केवळ काही सुशिक्षित स्त्रियांच्या सुखदुःखाचा प्रश्न नव्हे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्राने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले आहे. समाज आपला पैसा घालून डॉक्टर, अभियंते, वकील मुली घडविणार, आणि पस्तिशी-चाळिशीत त्या उमेद हरवून मागे सरकणार. याइतकी उधळपट्टी कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. ती दिसत नाही, कारण थकव्याला आपण खर्चाच्या बाजूस कधी लिहिलेच नाही. कार्यालयाने ते काम फुकट धरले, कुटुंबाने कर्तव्य म्हटले आणि तिने स्वभाव समजून सोसले.

रात्री पंचवटी नाशिकरोडला लागते, तेव्हा उतरणाऱ्या स्त्रियांच्या हातात रिकामा डबा असतो आणि डोक्यात उद्याच्या डब्याचा विचार. तो विचार एका रात्रीपुरता तरी दुसऱ्या कोणी करून ठेवलेला असेल, तर बदलाची सुरुवात झाली असे समजावयास हरकत नाही.