फडाच्या गाडीचं पोट

तमाशाच्या तंबूत बसलेल्या माणसाला गण दिसतो, गवळण दिसते, वग दिसतो. मागच्या कनातीआड उभ्या असलेल्या गाड्या त्याला दिसत नाहीत. त्यातली एखादी गाडी म्हणजे फडातल्या बायका-लेकरांचं घर असतं. ट्रकचा हौदा फळ्यांनी आणि पत्र्याने बंद केलेला, वर छत, मागे दार. आत पत्र्याच्या पेट्या, खुंटीला चाळ, आणि दोन खांबांना बांधलेली लेकराची झोळी. दसऱ्याला फड बाहेर पडला की वैशाखापर्यंत, सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेपासून धुळ्याच्या एकवीरादेवीच्या यात्रेपर्यंत, संसार याच चार भिंतींत.

मी त्या भिंतींच्या दुरुस्तीबद्दल बोलणार आहे, कारण हे काम करणारे हात कुणी लिहून ठेवत नाही. जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला सुरत-नागपूर रस्त्यालगत बॉडी बांधण्याच्या गॅरेजात मी घडलो. रावेर-सावद्याच्या केळीचे ट्रक हे आमचं रोजचं काम. फडाच्या गाड्या यायच्या त्या हंगाम संपल्यावर, ऐन उन्हाळ्यात.

नव्वदीच्या दशकात अशीच एक गाडी आली. चासी टाटाची, पण जुनी, नाकावर मर्सिडीजचा तारा असलेली. टाटा आणि मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९ असा चालला; म्हणजे गाडीचं वय तेव्हाच विशीच्या पुढे. इंजिन ठणठणीत होतं. बॉडीच्या दोन्ही भिंती मात्र मधोमध बाहेर आल्या होत्या. आमचे मोठे मिस्तरी, ज्यांना सगळे आप्पा म्हणायचे, लांबूनच म्हणाले, “गाडी पोट काढी राह्यनी भाऊ.”

फडाच्या मालकीणबाई सोबत आल्या होत्या. “आप्पा, आत लेकरं झोपतात. एवढं पोट दाबून वरनं पत्रा मारून द्या, दसऱ्याला निघायचंय.”

“बाई, पत्रा तर आधीच मारेल आहे,” आप्पा म्हणाले. “तोच काढू पहिले.”

त्यांनी पोटाला हातही लावला नाही. आधी मागचं दार उघडलं, मिटलं. वरच्या कोपऱ्यात दार चौकटीला घासत होतं. मग आतून छतापासून ओळंबा सोडला. दोरी वर भिंतीला चिकटून, मध्ये भिंतीपासून लांब, खाली पुन्हा जवळ. मग गुडघ्यावर बसून तळाचा पत्रा उचकटला आणि लाकडात पेचकस टेकवला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो ओल्या भुशासकट. वर रंग नवा, चकचकीत. आत भिंतीच्या तळाशी, पायपट्टीत, लाकूड उरलंच नव्हतं.

भिंत फुगते ती मधे, पण दुखणं असतं डोक्याला आणि पायाला. छताच्या कमानी दोन्ही भिंतींना वरून धरून ठेवतात. कमान आणि खांब यांचा सांधा ढिला झाला की छताचं ओझं कमानीला चपटं करतं, आणि चपटी होणारी कमान भिंतींना बाहेर रेटते. या गाडीच्या छतावर राहुट्यांचे बांबू आणि ओल्या कनाती लादलेल्या असायच्या. त्यात छताच्या पत्र्याचे जोड उघडले. पाणी पत्र्याच्या आतून उतरलं आणि तळाच्या लाकडात बसलं. आधी कुणीतरी बाहेरून लोखंडी पट्टी ठोकून वर पत्रा चढवला होता. त्यामुळे पाण्याला बाहेर पडायची वाटच राहिली नाही. ती दुरुस्तीच गाडीला सगळ्यात जास्त नडली, असं माझं ठाम मत आहे.

सामान उतरवलं, छत रिकामं केलं. चासीखाली जॅक लावून ती पातळीत आणली. वाकड्या चासीवर भिंत सरळ होत नाही. मग तळाशी, कंबरेला आणि छताशी, पुढे-मधे-मागे अशा सगळ्या रुंद्या मोजल्या, कोपऱ्याकोपऱ्यात दोरी धरून कर्ण ताडले. मधली रुंदी तळापेक्षा चार बोटं जास्त निघाली.

दोन्ही भिंतींना बाहेरून जाड लाकडी ओंडके लावले, म्हणजे ताण एका फळीवर येणार नाही, आणि आतून साखळीची कप्पी बांधली. जळगावचा मे महिना. दुपारी पत्र्याला हात लागत नाही. म्हणून ओढायचं पहाटे आणि सांज पडल्यावर, थोडंसंच, आणि रात्रभर तसंच सोडून द्यायचं. वाळून गेलेलं जुनं लाकूड घाईने ओढलं तर बोल्टच्या भोकापाशी चिरतं. एका पोराने जोर लावला तेव्हा कर्र असा आवाज आला आणि आप्पा ओरडले, “हयू हयू वढा रे!” भिंत ओळंब्यात आल्यावरही त्यांनी ती किंचित आत ओढून ठेवली, कारण साखळी सोडली की लाकूड थोडं मागे जातंच.

साखळ्या ताणलेल्या असतानाच कुजलेले खांबांचे पाय कापले आणि बाभळीचे नवे तुकडे खाच पाडून बसवले. प्रत्येक कमानीच्या कोपऱ्यात लोखंडी तिकोनी पट्ट्या बोल्टने कसल्या. लाकडाजवळ वेल्डिंग आप्पा करू देत नसत. आत भुसा पेटला तर बाहेर कळत नाही. छताखाली आडव्या सळया टाकल्या, डोक्याला लागणार नाहीत इतक्या उंच, दोन्ही टोकांना नट. बाईंनी गाडी ताब्यात घेतली त्या दिवशीच त्या सळयांवर नऊवाऱ्या लटकल्या. बांबू मात्र दुसऱ्या ट्रकमध्ये गेले. या एका अटीवर आप्पा अडून बसले होते.

लाकडी बॉडी एकट्या फडाचीच नव्हती. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघाली, तिची बॉडीही लाकडीच होती. पुढे एसटीने बॉड्या बांधायला दापोडी, चिकलठाणा, हिंगणा अशा स्वतःच्या कार्यशाळा उभ्या केल्या. फडाला तशी सोय कुठली? त्याला रस्त्याकडेचं गॅरेजच. शिवाय पासिंगचा प्रश्न असतो. गाडीची एकूण रुंदी २.६ मीटरच्या आत हवी; पोट सुटलेली गाडी तिथेही अडते.

हल्ली हौसेने जुन्या बसचं फिरतं घर करणारी मंडळी वाढली आहेत. त्यांना आणि फडमालकांना एकच विनंती. मृगाच्या आधी छतावर दोन बादल्या पाणी ओता आणि ते आत कुठे उतरतं ते पाहा. दार वर घासतंय का, तळाचं लाकूड पेचकसाला दाद देतंय का, तपासा. पोट दिसायला लागलं असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी मिस्तरीला बोलवा, आणि त्याला पुरेसे दिवस द्या.