तोफखान्यापासून वाहननगरपर्यंत

अहिल्यानगरला बोलण्यात अजून सगळे नगरच म्हणतात. जुन्या शहरात तोफखाना नावाची वस्ती आहे आणि शहराबाहेर वाहननगर हा पत्ता आहे. तिथे डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई, आहे. नगरच्या वस्त्यांचा इतिहास फौजेला वगळून लिहिताच येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

शहराची सुरुवातच एका लढाईने झाली. 1490 मध्ये निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि सीनेकाठी राजधानी वसवली. 1549 मध्ये याच शहरात रूमीखानाने मलिक-ए-मैदान ही अवाढव्य तोफ ओतली. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने भुईकोट किल्ला जिंकला आणि पुढे भिंगारलगत इंग्रजांची छावणी वाढत गेली. स्वातंत्र्यानंतर याच छावणीच्या परिसरात रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, पुढे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, म्हणजे चिलखती वाहनांतून लढणाऱ्या पायदळाचंही आलं. निजामशाहीतल्या फराहबागेचा महाल मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला होता. त्याच भागात आता टँक म्युझियम आहे.

मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं मुख्य वाहन म्हणजे बीएमपी-2. ते मेदकच्या कारखान्यात ‘सारथ’ या नावाने तयार होतं. वजन 14 टनांच्या आसपास, तरी ते नदी पोहून जातं. जाड लोखंडी कढई पाण्यावर तरंगते त्याच नियमाने. 14 टनांचं वाहन तेवढंच पाणी बाजूला सारतं आणि त्याच्या पोकळ पेटीत त्यासाठी पुरेशी जागा असते. पाण्यात उतरण्याआधी तळाची बुचं घट्ट बसली आहेत ना ते तपासतात, आत झिरपलेलं पाणी फेकणारे पंप चालू करतात आणि नाकावरची आडवी पाटी उभी करतात. ती पाटी नसेल तर पुढची लाट थेट वर चढेल. पाण्यात पंख्याची गरज नसते, साखळीपट्टेच पाणी मागे ढकलतात. वेग ताशी 7 किलोमीटरच्या घरात, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. टी-90सारखा जड रणगाडा असा तरंगत नाही. तो हवेची नळी वर काढून नदीच्या तळावरून चालत जातो.

तरंगण्याची किंमत चिलखतात मोजावी लागते. पत्रा जाड केला की वाहन बुडतं, पातळ ठेवला की आतल्या जवानांचं संरक्षण कमी होतं. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला भारताच्या 45 कॅव्हलरीने सोव्हिएत बनावटीचे पीटी-76 हे पोहणारे रणगाडे लढवले, तेव्हाही त्यांचं चिलखत पातळच होतं. तरी त्यांनी पाकिस्तानची रणगाडा-तुकडी मोडून काढली.

हाच पेच सोडवायला व्हीआरडीई आणि टाटा यांनी मिळून व्हॅप तयार केलं. आठ चाकांच्या या चिलखती गाडीचा तळ सुरुंगाचा दणका सोसेल असा आखलेला आहे आणि पाण्यात ती यंत्राच्या जोरावर पुढे सरकते. 2025 मध्ये मोरोक्कोत तिच्या उत्पादनासाठी टाटांचा कारखानाही सुरू झाला. पर्जन्यछायेतल्या, टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात पाण्यावर चालणाऱ्या गाडीचं संशोधन झालं याचं मला फार अप्रूप वाटतं.

नगरकरांनी मात्र ही गोष्ट अजून नीट सांगितलेली नाही. शिर्डीला जाता-येता टँक म्युझियम पाहून लोक निघून जातात, शहरात शिरत नाहीत. महापालिकेने आणि छावणी परिषदेने भिंगार, तोफखाना, फराहबाग आणि किल्ल्याजवळ मराठीत ठसठशीत माहितीफलक लावावेत. आणि तुम्ही नगरला गेलात, तर रणगाडे पाहून झाल्यावर एक तास जुन्या वस्त्यांसाठीही ठेवा.